दर फेरीला उघडणारा बायपास: एका प्रेसच्या रिटर्न फिल्टरचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण धातूचे भाग दाबून आकार देणाऱ्या एका कारखान्यातील १०० टनी हायड्रॉलिक प्रेसचे आहे. कारखान्याची ओळख देणारे तपशील गाळले आहेत, पण ज्या आकड्यांवर निर्णय अवलंबून होते ते सगळे दिले आहेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही. मी त्या वेळी देखभाल विभागात होतो आणि पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यांपैकी दोन निर्णय मी स्वतः घेतलेले होते.

प्रेसचा मुख्य सिलिंडर २५० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा), रॉड १८० मिलिमीटर व्यासाचा आणि स्ट्रोक ४०० मिलिमीटरचा होता. कामाचा दाब २०० बारपर्यंत जाई. टाकीत आयएसओ व्हीजी ४६ या दाटीच्या दर्जाचे ६०० लिटर खनिज तेल होते. यंत्र बसवले तेव्हा त्यावर मिनिटाला ९० लिटर देणारा पंप आणि साधा, फक्त उघड-बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह होता. टाकीच्या झाकणावर मिनिटाला १६० लिटर क्षमतेचा रिटर्न फिल्टर, म्हणजे टाकीत परतणारे तेल गाळणारा फिल्टर होता. त्यात १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कागदी एलिमेंट, म्हणजे प्रत्यक्ष गाळणारा भाग, होते. दाब वाढला की तेल न गाळताच पुढे सोडणारा बायपास व्हॉल्व्ह १.७ बारला उघडणारा होता.

पुढे उत्पादन वाढवण्यासाठी पंप बदलून १४० लिटरचा बसवला गेला आणि रॅमचा (सिलिंडरने वर-खाली होणाऱ्या दाबणाऱ्या भागाचा) वेग नीट आवरता यावा म्हणून साध्या व्हॉल्व्हच्या जागी संकेताच्या प्रमाणात कमी-जास्त उघडणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह आला. फिल्टरला कोणी हात लावला नाही. १४० हा आकडा १६० पेक्षा लहान आहे, एवढे पाहून सर्वांचे समाधान झाले होते.

अडचण

बदलानंतर सुमारे दीड वर्ष यंत्र ठीक चालले. नंतर एक विचित्र खोड दिसू लागली. भाग दाबून झाल्यावर रॅम काही वेळ दाब धरून उभा राहत असे आणि त्यानंतर वर जाण्याचा आदेश मिळूनही दोन-तीन सेकंद तो हलतच नसे. मग एकदम झटका देऊन सुटे. सुरुवातीला हे आठवड्यातून एकदा होई, पुढे प्रत्येक पाळीत होऊ लागले.

पहिला संशय इलेक्ट्रॉनिक्सवर गेला. व्हॉल्व्हला संकेत देणारे अॅम्प्लिफायर कार्ड बदलले, वायरिंग तपासले, काही फरक पडला नाही. मग व्हॉल्व्ह बदलला आणि यंत्र सुरळीत झाले. सात आठवड्यांनी तीच तक्रार परत आली. पाच महिन्यांत तीन व्हॉल्व्ह बदलून झाले. तिसरा काढलेला व्हॉल्व्ह आम्ही उघडला तेव्हा स्पूलवर (आतल्या सरकत्या दांड्यावर) ओरखडा नव्हता, झीज दिसत नव्हती, आणि स्वच्छ द्रवाने धुतल्यावर तो बोटाने सहज सरकत होता.

या निरीक्षणाला जेवढे महत्त्व द्यायला हवे होते तेवढे आम्ही लगेच दिले नाही. स्पूल आणि त्याचे घर यांत काही मायक्रॉनचीच फट असते. स्पूल दाबाखाली बराच वेळ स्थिर राहिला की त्या फटीतून सतत झिरपणारे तेल स्वतःबरोबरचे अतिबारीक कण तिथे ठेवत जाते आणि फट हळूहळू गाळाने भरते. असा गाळ स्पूलला इजा करत नाही, तो फक्त त्याला धरून ठेवतो. मोठ्या कणामुळे अडकलेला व्हॉल्व्ह सहसा ओरखडा दाखवतो. धुतल्यावर बरा होणारा व्हॉल्व्ह तेलातल्या बारीक गाळाकडे बोट दाखवतो. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, कारण साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान वस्तू माणसाला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. बाटलीत धरलेले तेल त्यामुळे पारदर्शक आणि निर्मळ दिसत होते.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

तेल घाण असेल तर फिल्टर अधिक बारीक हवा, असा सरळ विचार करून आम्ही फिल्टरच्या त्याच घरात (बाहेरच्या कवचात) बसणारे ३ मायक्रॉनचे काचतंतूंचे एलिमेंट घातले. हा निर्णय माझा होता. तीन आठवड्यांत तक्रार कमी होण्याऐवजी वाढली.

जुने कागदी एलिमेंट काढले तेव्हा ते जवळपास स्वच्छ दिसले होते. त्यावरून फिल्टरवर फारसा भार नाही आणि तेल बहुधा ठीक आहे, असा अर्थ आम्ही लावला. सहा महिने वापरलेले एलिमेंट स्वच्छ निघते आणि त्याच यंत्राचे व्हॉल्व्ह गाळाने अडकतात, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असतील तर तेल एलिमेंटमधून जात नाही एवढाच निष्कर्ष उरतो. तो आमच्या समोर होता, पण आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही.

मोजमाप

यानंतर सुटे भाग बदलणे थांबवून मोजायचे ठरले. तेलाचा पहिला नमुना टाकीच्या तळाच्या कॉकमधून घेतला होता. तो टाकून दिला, कारण तळाचे तेल तळातल्या गाळाची माहिती देते, फिरत्या तेलाची नव्हे. रिटर्न लाइनवर फिल्टरच्या अलीकडे, जिथे प्रवाह खळबळता असतो, तिथे नमुन्याचा छोटा व्हॉल्व्ह बसवला. यंत्र गरम होऊन चालू असताना आधी काही लिटर तेल वाहू देऊन मग स्वच्छ प्रमाणित बाटलीत नमुना भरला.

तेलातील कणसंख्या संकेतात सांगणाऱ्या आयएसओ ४४०६ पद्धतीनुसार उत्तर आले २२/२०/१७. या तीन आकड्यांचा अर्थ असा, की एक मिलिलिटर तेलात ४ मायक्रॉन व त्याहून मोठे कण २०,००० ते ४०,०००, ६ मायक्रॉनपासून पुढचे ५,००० ते १०,००० आणि १४ मायक्रॉनपासून पुढचे ६४० ते १,३०० होते. या दाबाला चालणाऱ्या प्रपोर्शनल व्हॉल्व्हसाठी आम्ही १८/१६/१३ हे लक्ष्य धरले होते. संकेतातला प्रत्येक आकडा एकाने वाढला की कणांची संख्या दुप्पट होते, म्हणून चार आकड्यांचा फरक म्हणजे सोळा पट घाण. पाण्याची चाचणीही केली; त्यात काळजीचे काही निघाले नाही. तेलाच्या पृथक्करणात सिलिकॉन मात्र वाढलेले होते, म्हणजे बाहेरची धूळ आत येत होती.

नव्या तेलाचे न उघडलेले पिंपही तपासले. त्यातील तेल २१/१९/१६ निघाले. नवे तेल हे आम्हाला हव्या त्या तेलापेक्षा आठ पट घाण होते आणि आम्ही ते नरसाळ्याने थेट टाकीत ओतत होतो.

सर्वांत निर्णायक मोजमाप सर्वांत सोपे होते. रिटर्न फिल्टरनंतर तेल थेट टाकीत पडते, त्यामुळे पलीकडचा दाब जवळजवळ शून्य धरता येतो आणि फिल्टरच्या अलीकडे एकच लहान गेज लावले की दाबातील फरक कळतो. ० ते ६ बारचे गेज लावून मी आणि ऑपरेटर काही फेऱ्या नुसते पाहत उभे राहिलो. रॅम खाली येताना काटा अर्ध्या बारच्याही खाली होता. रॅम वर जाऊ लागला की तो झटकन १.७ बारवर चढायचा आणि वर जाणे संपेपर्यंत तिथेच खिळून राहायचा. म्हणजे बायपास दर फेरीला उघडत होता.

कारण सिलिंडरच्या मापांत होते. २५० मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस सेंटिमीटर होते. त्यातून १८० मिलिमीटर रॉडचे २५४ वजा केले की रॉडच्या बाजूला सुमारे २३६ उरतात. गुणोत्तर २.०८. रॅम वर जाताना पंप रॉडच्या बाजूला मिनिटाला १४० लिटर देतो, पण त्याच वेळी वरच्या पूर्ण बाजूतून त्याच्या २.०८ पट, म्हणजे सुमारे २९० लिटर तेल बाहेर ढकलले जाते. या यंत्रात ते सगळे रिटर्न फिल्टरमधूनच जात होते, आणि फिल्टर १६० लिटरचा होता. जुन्या ९० लिटरच्या पंपावरही हा प्रवाह १८७ लिटर होता. म्हणजे मूळ निवडही थोडी कमीच पडत होती, फक्त जुना व्हॉल्व्ह ते सोसत होता. दाब धरण्याचा टप्पा संपताना दाबलेले तेल एकदम सुटते, त्याचा धक्का याहून वेगळा.

दर फेरीच्या या उघडझापीने बायपासची बैठकही झिजलेली निघाली. तो आता बंद असतानाही पुरता बंद होत नव्हता, आणि जुने एलिमेंट स्वच्छ का निघाले ते यातून उलगडले. माझे ३ मायक्रॉनचे एलिमेंट तर प्रवाहाला आणखी विरोध करत होते, त्यामुळे बायपास अधिक वेळ आणि अधिक उघडत होता.

इथे बीटा गुणोत्तराचा हिशेब मांडणे गरजेचे आहे. फिल्टरच्या अलीकडच्या कणसंख्येला पलीकडच्या कणसंख्येने भागले की बीटा मिळते. डब्यावरचा नुसता ‘१० मायक्रॉन’ हा शब्द फार काही सांगत नाही. १० मायक्रॉनला बीटा २ असलेले एलिमेंट त्या मापाच्या हजार कणांतले ५०० पुढे सोडते आणि बीटा १००० असलेले एकच सोडते, तरी दोन्ही डब्यांवर तेच लिहिलेले असू शकते. पण समजा, बीटा १००० चे उत्तम एलिमेंट बसवले आणि प्रवाहाचा फक्त दहावा हिस्सा बायपासमधून गेला, तर हजारांतले शंभर कण न गाळताच पुढे जातात आणि साऱ्या फिल्टरचे बीटा १० च्या खाली येते. महाग एलिमेंट घेऊन आम्ही हेच केले होते.

एक प्रश्न उरला: क्लॉगिंग इंडिकेटरने (एलिमेंट तुंबल्याचा इशारा देणाऱ्या दिव्याने) हे आधी का सांगितले नाही? तर त्याने सांगितले होते. त्याचा प्लग काढून केबल टायने बांधून ठेवलेला सापडला. सकाळी तेल थंड असताना दिवा रोज लागायचा, म्हणून कोणीतरी तो ‘खोटा’ ठरवला. व्हीजी ४६ तेल ४० अंशांना जेवढे दाट असते त्याच्या अडीच ते तीन पट २० अंशांना असते, आणि एलिमेंटमधील दाबाचा फरक त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे सकाळचा दिवा तुंबलेल्या एलिमेंटची खूण नव्हता, पण बायपास उघडतो आहे ही त्याची बातमी अगदी खरी होती.

समोर असलेले पर्याय

सगळे तेल बदलावे, ही पहिली सूचना होती. नव्या पिंपाचा अहवाल हातात असल्याने ती टिकली नाही.

पंपाच्या सक्शनलाच बारीक फिल्टर लावावा, अशी दुसरी सूचना आली. ती आम्ही ठामपणे नाकारली. सक्शनमध्ये तेल ओढायला वातावरणाचाच काय तो दाब उपलब्ध असतो. तिथे बारीक एलिमेंट लावले तर पंपाला तेल अपुरे मिळून कॅव्हिटेशन होते (तेलात पोकळ बुडबुडे होऊन फुटतात) आणि पंपच कण तयार करू लागतो. तिथली १२५ मायक्रॉनची जाळी धुऊन तशीच ठेवली.

तिसरा पर्याय होता मोठा रिटर्न फिल्टर, चौथा टाकीला जोडलेले स्वतंत्र पंपाचे ऑफलाइन फिल्टर युनिट, आणि पाचवा व्हॉल्व्हच्या अगदी आधी, दाबाच्या लाइनवर, बायपास नसलेला प्रेशर फिल्टर. तिसऱ्या आणि चौथ्यावर एकमत झाले. पाचव्यावर बराच वाद झाला. प्रेशर लाइन कापून नवी जोडणी करायला यंत्र दोन दिवस बंद ठेवावे लागणार होते. रिटर्न आणि ऑफलाइन मिळून तेल स्वच्छ ठेवत असतील तर हा फिल्टर पुढच्या नियोजित बंदच्या वेळी बसवता येईल, असे मत मी दिले आणि ते मान्य झाले. माझा हा दुसरा निर्णय.

केलेली कामे

नव्या रिटर्न फिल्टरची निवड मायक्रॉनपासून नव्हे तर प्रवाहापासून सुरू केली. ३०० लिटर प्रवाह धरला. कॅटलॉगमधला दाबफरकाचा आलेख एका ठरावीक दाटीसाठी असतो, म्हणून एलिमेंटच्या वाट्याचा आकडा आमच्या तेलाच्या गरम आणि थंड अशा दोन्ही दाटींसाठी गुणून घेतला. घराच्या वाट्याचा वेगळा धरला. ४० अंशांना नव्या एलिमेंटसह एकूण फरक अर्ध्या बारच्या आत राहील असे घर निवडले. एलिमेंट १० मायक्रॉनला बीटा १००० चे, बायपास ३ बारचा, इंडिकेटर २ बारचा. पंपाच्या केस ड्रेनची, म्हणजे पंपाच्या आत झिरपलेले तेल बाहेर नेणारी, लाइन आधी जुन्या फिल्टरमधून जात होती. ती स्वतंत्रपणे थेट टाकीत नेली, कारण फिल्टर भरत जाईल तसा वाढणारा मागचा दाब पंपाच्या शाफ्ट सीलवर येऊ देणे बरे नव्हे.

इंडिकेटर पुन्हा जोडला, पण तेल ३० अंशांच्या वर गेल्यावरच त्याचा इशारा ग्राह्य धरला जाईल अशी तापमानाची अट नियंत्रणात घातली. याशिवाय तो पुन्हा कोणीतरी काढला असता आणि त्यात त्या माणसाची चूक म्हणता आली नसती.

धुळीचा मार्ग शोधताना टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड, पाहिला. तो जाळीचा साधा टोपीवजा ब्रीदर होता. ४०० मिलिमीटरच्या पूर्ण स्ट्रोकला रॉडच्या आकारमानाएवढे, म्हणजे सुमारे १० लिटर तेल टाकीतून कमी होते आणि तेवढीच हवा आत ओढली जाते. मिनिटाला दोन फेऱ्या धरल्या तर तासाला १,२०० लिटर हवा, आणि शेजारीच ग्राइंडिंग चालत असे. तिथे ३ मायक्रॉनचा ब्रीदर लावला आणि टाकीच्या झाकणाचे फाटलेले गॅस्केट बदलले.

ऑफलाइन युनिट मिनिटाला ४० लिटरचे घेतले. त्यात ३ मायक्रॉनचे एलिमेंट घातले. बारीक गाळणीची जागा ही, कारण इथे प्रवाह एकसारखा असतो आणि धक्के नसतात. नवे तेलही आता याच युनिटमधून, क्विक कपलिंगने जोडून टाकीत जाते. नरसाळे विभागातून काढून टाकले.

परिणाम

कागदावरच्या हिशेबाने, तेल पूर्ण मिसळत राहते आणि नवी घाण येत नाही असे धरले तर, ६०० लिटर तेलातील कण सोळाव्या हिश्शावर यायला पाऊण तासही लागायला नको होता. प्रत्यक्षात दोन आठवडे लागले. टाकीच्या कोपऱ्यांत आणि पाइपांत बसलेला गाळ सुटून येत राहिला आणि ऑफलाइनचे पहिले एलिमेंट चार दिवसांतच भरले. टाकी आधी उपसून पुसून घेतली असती तर हा काळ वाचला असता. दोन आठवड्यांनी नमुना १७/१५/१२ आला आणि दाब धरल्यानंतरचा विलंब पूर्ण थांबला.

पाच आठवड्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा अडकला. नमुना घेतला, तो १७/१५/१२ च होता. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा या वेळी स्पूलच्या कडेला रबराचा काळा कण रुतलेला होता. आदल्या दिवशी पंप आणि व्हॉल्व्ह यांमधला एक होज (लवचीक नळी) बदलला होता. होज जागेवर कापून फिटिंग दाबले होते आणि आतून न धुताच बसवले होते. पंपानंतर आणि व्हॉल्व्हच्या आधी शिरलेली वस्तू रिटर्न फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी व्हॉल्व्हमधूनच जाते, आणि ऑफलाइन युनिटला तर ती दिसतही नाही. त्या जागेचे रक्षण फक्त प्रेशर फिल्टर करू शकला असता, आणि तो मी पुढे ढकलला होता.

तो आठवडाभरात बसवला. त्याचे घर रिटर्न फिल्टरपेक्षा बरेच लहान चालले, कारण दाबाच्या लाइनमध्ये पंपाचे १४० लिटरच असतात, क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने वाढलेला प्रवाह तिथे येत नाही. बायपास नसल्यामुळे एलिमेंट २१० बारचा फरक सोसणारे घ्यावे लागले. साधे एलिमेंट भरले की चुरगळते आणि साठवलेली सगळी घाण एकदम व्हॉल्व्हमध्ये सोडते. त्यानंतरच्या १४ महिन्यांत प्रपोर्शनल व्हॉल्व्ह बदलावा लागलेला नाही. नमुने १७/१५/१२ आणि १८/१६/१३ यांच्या दरम्यान राहिले आहेत.

वेगळे काय करता आले असते

पंप आणि व्हॉल्व्ह बदलले त्याच दिवशी फिल्टरची निवड नव्याने करायला हवी होती. तेव्हा तपासायचा प्रश्न पंप किती लिटरचा, हा नव्हता. कोणत्या हालचालीत फिल्टरमधून जास्तीत जास्त किती तेल जाते, हा होता. सिलिंडरची दोन मापे आणि पाच मिनिटांचा हिशेब एवढ्यावर ते कळले असते.

पहिला व्हॉल्व्ह बदलण्याआधी एक नमुना घेतला असता तर अॅम्प्लिफायर कार्ड आणि निदान दोन व्हॉल्व्ह वाचले असते. काढलेले एलिमेंट आता आम्ही न उघडता फेकत नाही. यंत्रणेतला दाब सोडवून ते काढले जाते, घड्या कापून पसरल्या जातात, आणि पितळी चकाकी, लोखंडी चुरा, सीलचे रबर की नुसता गाळ, याची नोंद होते. एलिमेंट अपेक्षेपेक्षा स्वच्छ निघाले तर तीही तक्रार म्हणून नोंदवली जाते आणि बायपासची बैठक व ओ-रिंग तपासली जाते.

एलिमेंट दर सहा महिन्यांनी बदलण्याची प्रथा बंद केली. आता इंडिकेटर सांगेल तेव्हा, आणि काहीही झाले तरी वर्षातून एकदा बदल होतो. यावर अजून आमच्यात मतभेद आहे. काहींना ठरावीक तारीख अधिक सुरक्षित वाटते, कारण इंडिकेटरही बिघडू शकतो. त्यासाठी रिटर्न फिल्टरवरचे ते तात्पुरते गेज काढले नाही, आणि तेल गरम असताना रॅम वर जातेवेळी काटा कुठपर्यंत जातो हे ऑपरेटर प्रत्येक पाळीत लिहून ठेवतो.